आधी वास, मग घास

एक विचारू? काल रात्री तुमच्याकडे जेवण किती वेळ चाललं? तुमचं नाही, तुमच्या लेकराचं.

आमच्या एरंडोलला, आमच्या गल्लीत, आठ-साडेआठच्या सुमारास घराघरातून सारखेच आवाज येतात. ‘आ कर बरं.’ ‘एवढा शेवटचा.’ ‘गालात धरून बसू नकोस, गिळ आधी.’ ‘थांब, पप्पांना सांगते.’ मग थोड्या वेळाने सगळं शांत होतं, कारण पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल लावलेला असतो आणि कार्टून बघता बघता तोंड आपोआप उघडत असतं.

आपण सगळेच हे करतो, आणि का करतो तेही आपल्याला ठाऊक आहे. पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, कुणाला जळगावची बस गाठायची, कुणाला दुकान उघडायचं, कापूस वेचणीच्या दिवसांत तर दिवस उगवायच्या आत शेतात जायचं. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. मग दिवसभराची सगळी काळजी त्या एका ताटाभोवती गोळा होते. बाकी काही नाही जमलं तरी पोरानं चार घास नीट खाल्ले, एवढं तरी समाधान हवं असतं. त्यात आजी म्हणणार, ‘किती वाळला गं.’ शेजारीण म्हणणार, ‘आमचा तर न सांगता दोन पोळ्या खातो.’ जीव कानकोंडा होतो.

म्हणूनच तुमच्याशी थोडं बोलावंसं वाटलं. उपदेश करायला नाही. मुलं जेवतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालतं, हे मी मिळेल तिथून वाचत गेले आणि ताटाकडे बघायची माझी नजरच बदलली.

आपण जेवणाचा हिशेब पोटावरून करतो. किती खाल्लं, किती टाकलं. पण घास तोंडात गेला की पोटाच्या आधी मेंदू कामाला लागतो. जीभ, नाक, डोळे, कान, टाळू, हिरड्या, सगळीकडून निरोप येतात. ते एकत्र बांधून मेंदू ठरवतो की हे काय आहे, ओळखीचं आहे का, गिळायचं का. ही बांधाबांध जन्मतः पूर्ण येत नाही, वाढत्या वयाबरोबर जमत जाते. चार वर्षांचं पोर घास तोंडात धरून बसतं तेव्हा आपल्याला तो हट्ट वाटतो. पुष्कळदा त्याचं अजून ठरत असतं.

आपल्या जिल्ह्यात केळ्याला तोटा नाही, तेव्हा घरीच एक गंमत करून बघा. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला शांत बसवा, नाक चिमटीत धरायला सांगा आणि केळ्याचा छोटासा तुकडा हळू चावायला द्या. काय लागतं विचारा. तो म्हणेल, गोड लागतं, मऊ लागतं. तेवढंच. आता घास तोंडात असतानाच नाक सोडायला सांगा. त्याचे डोळे मोठे होतील. केळं आत्ता आलं, असं म्हणेल.

ज्याला आपण केळ्याची चव म्हणतो तो बराचसा वास असतो. आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एक द्रव्य त्यात मुख्य. चावताना हा वास घशाच्या मागच्या वाटेने वर नाकात जातो, पण मेंदू मात्र तो तोंडातच आहे असं धरून चालतो. एकच वास बाहेरून हुंगला तर वेगळा आणि आतून आला तर वेगळा जाणवतो, याकडे पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1982 साली लक्ष वेधलं होतं. जिभेला स्वतःला कळतं ते थोडकंच. गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती मटणाच्या रश्श्यात किंवा पिकल्या टोमॅटोत लागते ती, जी जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ओळखली आणि उमामी म्हटली. नाकात मात्र वास टिपणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. हे ग्राहक शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 चं नोबेल मिळालं.

आता सर्दी झालेलं पोर आठवा. नाक चोंदलेलं, तोंडाने श्वास चाललेला, आणि आपण म्हणतोय, ‘तुझ्या आवडीचं केलंय, खा ना.’ त्याला ते आवडीचं लागतच नाही. ज्यांना कोरोनात वास गेल्याचा अनुभव आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पोळी पुठ्ठ्यासारखी लागायची. सर्दीच्या दिवसांत मुलांवर नवी भाजी लादू नये असं मला मनापासून वाटतं. गरम, पातळ, ओळखीचं द्यावं, मुगाची खिचडी, वरण-भात, आणि कमी खाल्लं तर तेवढे दिवस कमी खाऊ द्यावं.

आता भरिताकडे येते, कारण खान्देशात जेवणाबद्दल बोलायचं आणि भरीत टाळायचं, हे व्हायचं नाही.

हिवाळा लागला की बाजारात ती मोठी, हिरवट, गरगरीत, कमी बियांची वांगी येतात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. साल तडतडते, आतलं पाणी चर्र करून बाहेर येतं, वांगं मऊ पडून खाली बसतं. मग काळं साल सोलून लाकडी भांड्यात ठेचायचं, तो धप् धप् आवाज चार घरं पलीकडे जातो. वर फोडणी. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, मागाहून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी.

त्यातला एक घास घ्या आणि जरा थांबा. धूर नाकात आहे. मिरची जीभ जाळतेय. गर लुसलुशीत, मध्येच शेंगदाणा दाताखाली येतो, पात कचकन तुटते. कळण्यातल्या उडदाचा वास वेगळा, भाकरीचा खरखरीतपणा वेगळा. एका घासात एवढं सगळं.

जिभेचे निरोप मेंदूच्या आत दडलेल्या इन्सुला नावाच्या भागात पोचतात. स्पर्श, गार-गरम, तिखटाची जळजळ यांची नस वेगळी. आणि वासाची वाट सगळ्यात निराळी. बाकी निरोप एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात, वास मात्र थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. मग हे सगळे डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे, मेंदूच्या एका पट्ट्यात एकत्र येतात. ऑक्सफर्डच्या एडमंड रोल्स यांना माकडांच्या मेंदूत याच जागी अशा पेशी सापडल्या, ज्या चवीलाही जाग्या होतात आणि वासालाही, काही तर नुसत्या दिसण्यालाही. येल विद्यापीठाच्या गॉर्डन शेफर्ड यांनी 2006 मध्ये या अभ्यासाला न्यूरोगॅस्ट्रॉनॉमी असं नाव दिलं. भरीत ‘भरीत’ होतं ते तिथे, कपाळामागे.

आणि तिथेच आपल्या आठवणीही त्यात मिसळतात. आपल्याला भरीत म्हटलं की शेतातली रात्र आठवते, चुलतभावंडं आठवतात, थंडीत जाळाभोवती धरलेले हात आठवतात. वीस-तीस हिवाळे त्या घासात आधीच भरलेले असतात. आपल्या पोराकडे त्यातलं काहीच नाही. त्याच्या ताटात करड्या रंगाचा, बुळबुळीत, धुराचा वास येणारा एक गोळा आहे. आपल्याला जे भरीत लागतं, ते त्याला अजून लागतच नाही. मग आपण म्हणतो, एवढं छान केलंय आणि बघा कसा तोंड फिरवतो. आपलंही चुकत नाही आणि त्याचंही.

मला वाटतं, अशा पदार्थाची सुरुवात तोंडापासून करूच नये. बाजारातून वांगी आणली की त्याच्या हातात द्या. दाबू दे, देठाचा काटा बघू दे. भाजताना लांबून आवाज ऐकू दे. वांगं निवलं की साल सोलायला बसवा, हात काळे झाले तर होऊ देत. ठेचायला द्या. इतक्यात निम्मी ओळख होते. मात्र नुसतं बघून आणि हुंगून पुरत नाही. अमेरिकेतल्या लीन बर्च यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात 1980 च्या दशकातच दिसलं होतं की नवा पदार्थ आवडायला तो प्रत्यक्ष जिभेला लागावा लागतो, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणाला आठ-दहा वेळा, कुणाला पंधरा वेळा. आपण साधारण दोन-तीनदा करून ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. नखाएवढं भरीत भाकरीच्या टोकाला लावून द्यावं. नाही आवडलं तर थुंकायची मुभा असावी, त्यासाठी शेजारी वाटी असावी. आजीला ते आवडणार नाही, अन्न थुंकतात का म्हणून. आजीला हळू समजावावं लागतं.

तिखटाचं तर आपल्याकडे निराळंच. खान्देशात ज्याला तिखट सोसत नाही त्याला सगळेच चिडवतात. पण तिखट ही चव नाहीच, ती जळजळ आहे, अगदी खरी. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं की मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला चिकटतं, तोच ग्राहक चटका बसला की पेटतो. त्याबद्दल त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. म्हणजे पोर ‘भाजलं’ म्हणून रडतं तेव्हा त्याच्या मेंदूला खरोखर भाजल्याचाच निरोप गेलेला असतो. सवयीने ही सोसणूक वाढते, पण ती हळूहळू, आणि हसण्यावारी नेऊन वाढत नाही. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही द्या. त्यातलं केसिन ते जळजळणारं द्रव्य धुऊन नेतं.

भाजी नको म्हणणाऱ्या मुलांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यातल्या कितीतरी चवीच्या नसतात, स्पर्शाच्या असतात. भेंडी तार धरते. टोमॅटोचं साल टाळूला चिकटतं. उपम्यात गुठळी लागली. दुधावर साय आली की कप ढकलणारं मूल तर घरटी एक असेल. आपण म्हणतो, ‘साय म्हणजे ताकद.’ त्याला मात्र ओठाला काहीतरी ओलं, लोंबतं लागलेलं असतं आणि अंगावर काटा आलेला असतो. गाळून द्या, भांडण मिटतं. साय साठवून तूप कढवा, ते वरणावरून त्याच्या पोटात जाईलच.

आणि कान. शेवभाजी करता तेव्हा बघा. रश्श्यात शेव टाकून ताट वाढलं आणि पोर हात धुऊन यायला जरा रेंगाळलं, की तीच शेवभाजी ‘नको’ होते. मऊ पडली म्हणे. शेव वाटीत वेगळी ठेवून त्याच्या हाताने वरून टाकायला दिली, की तोच पोरगा मिटक्या मारत जेवतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मास्सिमिलिआनो झाम्पिनी यांनी 2004 मध्ये लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज कानाला लावलेल्या हेडफोनमधून कमी-जास्त केला. आवाज मोठा आणि कुरकुरीत केला की तेच चिप्स लोकांना अधिक ताजे, खुसखुशीत वाटले. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेला ज्वारीचा बिबडा तळून ताटात ठेवला, तर मुलं आधी तो मोडून आवाज काढतात आणि मग खातात. आपण ओरडतो, खेळू नको म्हणून. ते त्यांच्या परीने जेवायलाच लागलेले असतात.

डोळ्यांचा हात तर आपल्या कल्पनेपेक्षा मोठा आहे. फ्रान्सच्या बोर्डो शहरात झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मद्याची पारख शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेले, तयार झालेले लोक ते. मग आपल्या पालकाच्या हिरव्या भाजीला पोरगी बघूनच ‘कडू’ म्हणाली, तर ती खोटं बोलत नाही.

मग पाकिटातलं कसं चालतं, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. बिस्किट, कुरकुरे, दोन मिनिटांच्या शेवया, यांना कधीच नकार नसतो. गोड-खारट-तेलकट हे कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट मला पटते. पाकीट कुठलंही उघडा, रंग तोच, आवाज तोच, वास तोच. मेंदूला नव्याने काही ठरवावं लागत नाही. आपली भाजी रोज वेगळी. आज मीठ कमी, उद्या पाणी जास्त, परवा वांगं जून निघालं. त्यात आपल्या फोडणीत इतके वेगवेगळे वास एकत्र येतात. जोधपूरच्या आयआयटीत गणेश बागलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांना दिसलं की आपण एका पदार्थात जे जिन्नस घालतो त्यांची गंधद्रव्यं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत, आणि याला मोठं कारण आपले मसाले. आपल्याला त्यातच तर गोडी वाटते. लहान मुलाला मात्र ती गर्दी वाटू शकते. म्हणून नवं काही वाढताना ताटात एक तरी खात्रीची ओळखीची गोष्ट असावी, साधं वरण म्हणा, दही म्हणा. तिच्या आधाराने ते नव्याकडे बघतं.

आता मोबाइल. यावर आपल्या सगळ्यांच्या मनात आधीच इतकी टोचणी असते की मी आणखी टोचणार नाही. काही दिवस असे असतातच की तो लावल्याशिवाय इलाज नसतो. घरात आजारपण असतं, पाहुणे असतात, उद्या पहाटे उठायचं असतं.

फक्त त्या वेळी आत काय होतं, ते सांगते. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात 2013 मध्ये एक अभ्यास झाला. लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावले आणि त्याच वेळी काही खायला-प्यायला दिलं. ज्यांच्या डोक्यावर जास्त ओझं होतं, त्यांना चव फिकी लागली, आणि गोड किंवा खारट पुरेसं वाटायला त्यांना ते जास्त लागलं. ती मोठी माणसं होती. आपलं पोर पडद्यात पूर्ण बुडालेलं असतं. तोंड उघडतं, घास जातो, पोटही भरतं. पण कपाळामागे जी बांधाबांध व्हायची ती अर्धवट राहते. आज त्याने मेथीची भाजी खाल्ली असं आपण म्हणतो. मेथीची आणि त्याची भेट मात्र झालेलीच नसते. म्हणून उद्या मोबाइलशिवाय तीच भाजी समोर आली की तो ती पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघतो.

एकदम बंद करू नका, भडका उडतो. पहिले चार-पाच घास मोबाइलशिवाय, असं चालतं. भूक सगळ्यात जास्त असते ती तेव्हाच, आणि तेव्हाच खरी गाठ पडते.

आणि ते ‘संपव, संपव’. अमेरिकेत 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप द्यायचं, काही वेळा ‘सूप संपवा’ असं सारखं म्हणायचं, काही वेळा काहीच बोलायचं नाही. जिथे आग्रह झाला तिथे मुलांनी खाल्लं कमी आणि कुरकूर जास्त केली. मला हे वाचून धक्का बसला नाही, तुम्हालाही बसणार नाही. आपल्यालाच कुणी डोक्यावर उभं राहून जेवायला लावलं तर घशाखाली उतरेल का? पोरासमोर ताट असतं आणि ताटामागे आपला चेहरा असतो. त्या चेहऱ्यावरची चिंता, आवाजातली घाई, हातातला पुढचा घास, हे सगळं त्याच्या मेंदूत त्याच भाजीला बांधलं जातं. जबरदस्तीने भरवताना उलटी झाली तर त्या पदार्थाची धास्ती फार दिवस राहते. एकदा पोट बिघडलं की तेव्हा खाल्लेल्या गोष्टीची शिसारी बसते, हे जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं.

याच्या उलट बघायचं तर पंगतीत बघा. घरी घास घास करून रडवणारी मुलं लग्नाच्या पंगतीत बट्टी चुरून वरण ओतून घेतात, घोटलेल्या वांग्याची भाजीही खातात. आईबाप चकित होतात, घरी तर वांगं शिवत नाही! मांडवात काय असतं? मोठमोठ्या पातेल्यांचा वास लांबूनच येत असतो, भूक खरी लागलेली असते, शेजारी मामेभाऊ चापून जेवत असतो, आणि मुख्य म्हणजे आपण त्याच्या घासांकडे बघत नसतो, पाहुण्यांशी बोलण्यात गुंतलेलो असतो. श्रावणात कानबाईच्या रोटांनाही हेच. सगळं घर एकत्र बसलेलं, आणि पोर कधी खाऊन उठलं ते कळतही नाही.

आपल्या एरंडोलची तर गोष्टच जेवणाची आहे. हेच महाभारतातलं एकचक्रानगर, असं इथली जुनी माणसं मानतात. पांडववाडा दाखवतात, पद्मालयाजवळचा भीमकुंड दाखवतात. बकासुराला न्यायचा गाडाभर भात भीमानेच वाटेत खाल्ला, ही गोष्ट भरवताना सांगत नाही असं घर विरळाच. मला ती गोष्ट मोबाइलपेक्षा फार आवडते, कारण ती ताटातच घडते. हा गाडा, हा भाताचा डोंगर, हा भीमाचा घास. गोष्ट ऐकताना पोराची नजर भातावरच असते.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगते, कारण यावरून घरात उगाच वाद होतात. ‘पोट भरलं’ म्हणून भाकरी टाकली आणि लगेच शिरा मागितला, तर ती लबाडी नसते. एकच पदार्थ खात राहिलं की मेंदूत त्या पदार्थापुरतीच तृप्ती येते, दुसऱ्याची ओढ तशीच राहते. मोठ्यांचंही असंच असतं, म्हणून तर जेवणानंतर गोड खायला जागा निघते. शिरा जेवणाबरोबरच, छोट्या वाटीत वाढून टाका. बक्षीस म्हणून शेवटी ठेवला की भाकरी शिक्षा होते.

ज्यांच्या घरी अजून अंगावर पिणारं बाळ आहे, त्यांनी आईच्या ताटाकडे लक्ष द्यावं. जुली मेनेला यांच्या 2001 च्या अभ्यासात, गरोदरपणी किंवा दूध पाजताना ज्या आया गाजराचा रस पीत होत्या, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेलं खाणं कमी तोंड वाकडं करून स्वीकारलं. बाळंतिणीला मेथी, शेपू, लसूण खाऊ घालणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बाया बाळाचीच ओळख करून देत होत्या, असं मला वाटतं. सगळंच पथ्य म्हणून बंद करून तिला नुसतं वरण-भातावर ठेवू नका.

आणि काही मुलांचं मात्र खरंच वेगळं असतं. दहा-बाराच पदार्थ खातात, त्यातलेही एक एक सुटत जातात, वजन वाढत नाही, घास अडकतो, वासाने ओकाऱ्या येतात, स्वयंपाकाच्या आवाजानेही कान झाकतात. अशा वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. त्यात आईच्या हाताला दोष नाही आणि लाडालाही नाही.

राहता राहिला डबा. रात्रीचं जेवण एकवेळ निवांत करता येईल, डब्याला घाई सुटत नाही. सकाळी गरम भाजी चाखून आपण म्हणतो, झकास झाली. पण गार अन्नातून वास फार कमी उठतो. दुपारी तो जी भाजी खातो ती आपण चाखलेली भाजीच नसते. वर झाकणाला वाफ धरते. माझ्या लेकीने एकदा सांगितलं, ‘मम्मी, डबा उघडला ना की झाकणाचं पाणी पोळीवर पडतं, मग ती ओली ओली लागते.’ तिच्या उरलेल्या पोळ्यांचं कारण भाजी असेल असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

तेव्हापासून पोळ्या निववून, फडक्यात गुंडाळून जातात. रसभाजीऐवजी गार झाल्यावरही चांगल्या लागणाऱ्या गोष्टी जातात, दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, परतलेला बटाटा. तुम्हीही ‘डबा संपवला का?’ याच्याऐवजी ‘डबा उघडल्यावर कसा वास आला?’ असं विचारून बघा. मुलं फार बारकाईने सांगतात. माझ्या पुतण्याने सांगितलं, पेरू त्याला आवडतो, पण भाजीच्या शेजारी ठेवला की त्याला लसणाचा वास लागतो. आता त्याचा पेरू वेगळ्या डबीत जातो.